कपाटाची किल्ली

शाळेचे ग्रंथालय म्हणजे बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतील कुलूपबंद कपाट. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय बंधनकारक केले. पुस्तके आली, वाचक मात्र बाहेरच राहिला. दोष शिक्षकाच्या माथी मारणे सोपे आहे. परंतु हरवलेल्या पुस्तकाची भरपाई आपल्याच पगारातून होईल अशी ज्याला धास्ती, तो किल्ली खिशातच ठेवणार. न वाचलेले पुस्तक हे पडून राहिलेले भांडवल होय. हाताळून फाटलेले पुस्तक हा शिक्षणाचा रास्त खर्च मानला पाहिजे.

रयतेच्या करातून वरिष्ठ वर्गाचे शिक्षण चालते, ही तक्रार महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडली. ज्या घरात एकही पुस्तक नाही, तेथील मुलाला शाळेतले कपाटही बंद असेल, तर ती तक्रार अद्याप मिटलेली नाही.

आधुनिक ग्रंथालयाचा आरंभ संगणकांच्या रांगेने होत नाही. मुलांच्या हाताला लागणारी उघडी फडताळे, वेळापत्रकात वाचनाचा तास, ग्रंथपाल आणि शाळा सुटल्यावरही उघडे राहणारे दार, एवढे आधी हवे. सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनी त्यांना बरोबर घेऊन दोन ठराव मांडावेत: हरवलेली पुस्तके वाजवी प्रमाणात निर्लेखित करण्याचा, आणि कुलूप काढण्याचा.