बैलगाडीला जुगाड म्हणू नका

मालेगावच्या शेख नासिरांचा विषय निघाला की लोक आधी हसतात, मग कौतुकानं म्हणतात, "काय जुगाड केलाय!" मला या कौतुकाचाच राग येतो.

२००० साली 'मालेगाव के शोले' काढणाऱ्या या व्हिडिओ पार्लरवाल्याकडे ट्रॉलीचे रूळ नव्हते, क्रेनही नव्हती. कॅमेरा पळवायला सायकल आली, वर न्यायला बैलगाडी. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट जरूर बघा. बैल सोडलेल्या गाडीच्या पुढच्या टोकाला कॅमेरावाला बसवा, मागचं टोक चौघांनी दाबा. पुढचं टोक सावकाश वर जातं. चाकांचा आस हाच टेकू. शाळेत शिकवतो ती तरफ! कॅमेरा वर कसा न्यायचा हे त्यांना कळलं होतं, आणि का न्यायचा तेही. भाड्याच्या क्रेनसोबत हे दुसरं मिळत नाही.

बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा बनवला, १९२० मध्ये 'सैरंध्री' लोकांपुढे आणला. त्यांना आपण कलामहर्षी म्हणतो, योग्यच आहे. मग यंत्रमागाच्या गावातल्या मुसलमान पोरांनी केलं की तोच प्रकार जुगाड कसा होतो?

हे मी का उगाळतेय? आमच्या कळंबोलीत माझ्या वर्गातल्या मुलींनी स्टील मार्केटवर मोबाइलनं फिल्म काढली. एकीचे अब्बा तिथे हमाल. रविवारी त्यांचीच हातगाडी मागितली, एक मुलगी मोबाइल धरून बसली, दोघींनी ढकललं. ट्रकांच्या रांगेतून गाडी सरकते आणि तिच्यावर लादलेल्या मालाच्या जागेवरून बाजार दिसतो. स्पर्धेतून फिल्म बाद झाली. शेरा एकच: "गिंबल वापरायला हवा होता."

गिंबल म्हणजे मोबाइल स्थिर धरणारी दांडी. किंमत काही हजार. त्या घरात तेवढ्यात महिन्याचं राशन येतं. चित्र हलत होतं, मान्य. चाकाची करकरही ऐकू येत होती. पण गाडीवर का बसलात, हे मुलींना कुणी विचारलंच नाही.

आमच्यातलेही काही कमी नाहीत. "बाजी, मुलींना फिल्म कशाला? दहावीचं बघा." अभ्यासाचंच बघतेय भाईजान, तरफ शाळेच्या अभ्यासक्रमातलीच आहे.

येत्या रविवारी हातगाडी पुन्हा मागितली आहे. या वेळी आधी चाकांना तेल घालणार आहोत.