खासगी शाळा आणि सरकारचा शब्द

जून जवळ आला की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर राबणारा कामगारही मुलासाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळेची पाटी शोधू लागतो. त्या पाटीमागे सरकारी मान्यता आहे की नाही, हे त्याला कोण सांगणार? अनधिकृत शाळांची यादी शिक्षणखाते प्रसिद्ध करते खरे. परंतु ती बहुधा प्रवेश उरकून पैसे भरून झाल्यावर. मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत, व त्यानंतरही ती चालूच ठेवल्यास दररोज दहा हजारांपर्यंत दंड २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने सांगितला आहे. चालकाला दंड झाला तरी मुलाचे गेलेले वर्ष परत येत नाही.

खासगी शाळांविषयी आमच्या मनात आकस नाही. या जिल्ह्याला तर तो शोभणारही नाही. बोर्डीला आचार्य भिसे यांनी ज्या शाळेसाठी आयुष्य वेचले ती सरकारी नव्हती. १९४५ मध्ये त्याच गावी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आरंभिलेले व पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढलेले बालशिक्षणाचे कार्यही सरकारी हुकमाने उभे राहिले नव्हते. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्याकडे न्यावी, म्हणून गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी तेथे कुरणशाळा निघाल्या. या खासगी संस्था होत्या, पण आपण समाजाला उत्तर देणे लागतो हे त्यांना कुणी कलम दाखवून शिकवावे लागले नाही. आज ते दाखवावे लागते.

अशा वेळी सरकारने काय केले? विनाअनुदानित शाळांतील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी असताना, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला त्यातून मोकळीक देणारा नियम ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढला. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो घटनाबाह्य ठरविला व सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप केला नाही. बरे झाले. गरिबाचे मूल शेजारच्या शाळेत सामावते, म्हणून या शाळेने दार लावावे, हा न्याय अजबच म्हणावा लागेल!

तथापि संस्थाचालकांची एक तक्रार आम्हांला रास्त वाटते. या मुलांपोटी, सरकारचा स्वतःचा दरडोई खर्च किंवा शाळेची फी यांतील जी कमी ती रक्कम सरकारने द्यावयाची आहे. ती वेळेवर मिळत नाही; थकबाकी साचत जाते. स्वतः देणे बुडविणाऱ्याने दुसऱ्याचा हिशेब तपासावयास निघावे, तर त्याचा धाक कोण धरील? फीनियंत्रणाचेही तेच. २०११ च्या कायद्याला नंतर झालेल्या दुरुस्तीने पंचवीस टक्के पालक एकत्र आल्यास तक्रारीची वाट मोकळी केली. पण पाळीवर जाणाऱ्या, मुलाला वर्गात त्रास होईल या भयाने गप्प बसणाऱ्या पालकांनी सह्या गोळा करीत फिरावे ही अपेक्षा मुंबईच्या मंत्रालयातच सुचू शकते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्हा वेगळा झाला, तो ठाण्याच्या खेपा वाचाव्यात म्हणून. आता कोळगावच्या जिल्हा मुख्यालयाने मान्यताप्राप्त शाळांची नावे, त्यांच्या मंजूर फीसह, प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत व हिंदीत लावावीत, आणि त्याच फलकावर सरकारकडून त्या शाळांना किती येणे आहे तेही लिहावे.