गर्भिणी गाईचा घास

आश्विन वद्य द्वादशी म्हणजे वसुबारस. सवत्स धेनूच्या पूजनाने दीपावलीच्या मंगल पर्वास प्रारंभ होतो. संस्कृतात 'वत्स' म्हणजे वासरू. त्यावरूनच 'वत्सल' आणि 'वात्सल्य' हे शब्द सिद्ध झाले. मानवी मातेच्या मायेलाही पूर्वजांनी गाईच्या गोठ्यातून नाव आणले, याचे मनन या दिवशी अवश्य व्हावे.

एका वसुबारसेस कीर्तनसेवेसाठी पुण्यास जाणे झाले. स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर उतरून सारसबागेच्या दिशेने चालू लागलो, तो रस्त्याच्या कडेला गाय व वासरू बांधलेले दिसले. सुवासिनींची रांग लागली होती. प्रत्येकीच्या ताटात पुरणपोळी, भात आणि वडे. गाईच्या बरगड्या मात्र दुरूनही मोजता येत होत्या. राखणदारास विचारले असता कळले की, तिला पुन्हा सातवा महिना आहे. शेजारचे वासरू मागल्या वेताचे. वर्ष उलटले तरी त्याचे अंग भरले नव्हते. "एरवी काय खाते?" असे पुसताच तो म्हणाला, "मिळेल तो कडबा, महाराज."

त्या उत्तराने मी अस्वस्थ झालो. गर्भावर मातेच्या स्थितीचा परिणाम होतो, हे आपणांस नवे नाही. सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाचा भेद ऐकणाऱ्या अभिमन्यूची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीचे 'द्वैहृदय्य' सांगितले असून तिच्या आहाराचा मासानुमासिक क्रम दिला आहे. सुनेचे डोहाळे आपण कौतुकाने पुरवितो. गोमातेचे डोहाळे कोण पुरविणार?

गाईचा गर्भकाल सुमारे २८० दिवसांचा. गर्भाच्या वजनाची निम्म्याहून बरीच अधिक वाढ शेवटच्या तीन महिन्यांत होते. परंतु पाया त्याआधीच घातला जातो. स्नायूंच्या तंतूंची संख्या उदरातच ठरते. जन्मानंतर तंतू जाड होतात, संख्येने वाढत नाहीत. म्हणजे उद्याच्या खिलार बैलाची ताकद आज गाभण गाईच्या गव्हाणीत घडत असते. उपाशी मातेचे वासरू पुढे कितीही खाऊ घातले तरी ती उणीव पूर्णपणे भरून निघत नाही.

मांसासाठी गुरे पाळणाऱ्या अमेरिकेत याचा कसोशीने अभ्यास झाला आहे. नेब्रास्का येथील संशोधकांनी वाळल्या कुरणावरील गाभण गाईंना शेवटच्या महिन्यांत प्रथिनयुक्त खुराक दिला. त्यांच्या पोटच्या कालवडी पुढे अधिक प्रमाणात गाभण राहिल्या, असे त्यांनी २००७ साली प्रसिद्ध केले. विचार करा, जे गाईला माता म्हणत नाहीत ते तिच्या गर्भकाळातील घासाचा हिशेब ठेवतात. आणि आपण माता म्हणणारे तिला वर्षभर कडब्यावर ठेवून एक दिवस पुरणपोळी भरवितो!

मनुष्याचीही गोष्ट निराळी नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे आकाराने मोठी आढळली. गाय असो वा बाई, निसर्गाचा नियम एकच.

मग करावे काय? गाभण गाईला कडब्याबरोबर हिरवी वैरण, थोडी पेंड आणि खनिज मिश्रण मिळावे. विण्याच्या दोन महिने आधी तिचे दूध आटवावे व खुराक हळूहळू वाढवावा. अतिपुष्ट गायही विताना अडते, म्हणून हात नुसता सैल नको, नेमका हवा. वासरू जन्मताच तासा-दोन तासांत त्यास पोटभर चीक मिळालाच पाहिजे. कारण गाईची रोगप्रतिकारशक्ती नाळेतून वासराकडे जात नाही, ती चिकातूनच जाते. वासराच्या तोंडचा हा घास काढून आपण खरवस करीत असू, तर ते पुण्य कसले?

नैवेद्याचेही तारतम्य हवे. धान्याचा, कणकेचा मोठा मारा एकदम झाला तर गाईच्या पोटात आम्ल वाढते. त्याने ती दगावूही शकते. शंभर ताटांतील शंभर घास म्हणजे पूजा नव्हे, तो भार होय. यंदा मुखात एकच घास द्यावा आणि उरलेल्या पैशांतून हिरव्या वैरणीच्या पेंढ्या राखणदाराच्या हाती द्याव्यात. जवळच्या गोशाळेतील एका गाभण गाईच्या तीन महिन्यांच्या खुराकाचा भार चार घरांनी मिळून उचलावा. ज्याची आपण अद्याप पूजा केली नाही, ते पोटातले वासरूही या व्रताचे अधिकारी आहे. त्याला पोहोचेल तोच खरा नैवेद्य.