‘नीट बोल’ म्हणजे नेमकं कोणासारखं बोल?

‘नीट बोल’ हा जगातला सगळ्यात स्वस्त सल्ला आहे. देणाऱ्याला काहीच करावं लागत नाही. ना कान द्यावा लागतो, ना एखादा नवा शब्द शिकावा लागतो. सगळा खर्च ज्याला सल्ला दिला त्याच्या खात्यावर. आणि हा खर्च कोणाला भरावा लागतो ते बघितलं, की भाषेच्या ‘शुद्धते’बद्दल आपण जे काही ऐकत मोठे झालो, त्यातला बराचसा भाग गळून पडतो.

मी नेदरलँड्समध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या टीममध्ये एक स्कॉटिश सहकारी आहे, अ‍ॅबर्डीनच्या बाजूचा. कागदोपत्री तो ‘नेटिव्ह इंग्लिश स्पीकर’. मी अकोल्याचा, इंग्रजी पाचवीपासून शिकलेला. तरी मीटिंगमध्ये ‘सॉरी, परत सांग’ हे माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वेळा ऐकावं लागतं. मीटिंगच्या स्क्रीनवर आपोआप उमटणारे सबटायटल्स त्याच्या वाक्यांचा पार भुगा करतात. म्हणून तो ऑफिसात एक भाषा बोलतो आणि आईशी फोनवर दुसरी. ती दुसरी ऐकताना मला पहिल्यांदा कळलं, की हा माणूस किती विनोदी आहे. ऑफिसातल्या भाषेत तो विनोद पोचतच नाही.

‘स्कॉटिश लोक वाईट इंग्रजी बोलतात’ हे वाक्य तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल. यात दोन गोष्टींची गल्लत आहे. एक, स्कॉटिश ढंगाची इंग्रजी. दुसरी, स्कॉट्स नावाची स्वतंत्र भाषा, जी इंग्रजीची बहीण आहे, मुलगी नाही. (तिसरी गेलिक, ती तर वेगळ्याच, केल्टिक कुळातली.) स्कॉट्समध्ये घराला ‘हूस’ म्हणतात, उंदराला ‘मूस’. ऐकणाऱ्याला वाटतं, ‘हाउस’ नीट म्हणता येत नाही बिचाऱ्यांना. प्रत्यक्षात मध्ययुगात लंडनकडचे लोकही ‘हूस’च म्हणत होते. पुढे दक्षिणेत स्वर बदलले, ‘हूस’चं ‘हाउस’ झालं. स्कॉटलंडमध्ये तो बदल झालाच नाही. म्हणजे बिघडवायचंच म्हटलं तर बिघडवलं लंडनने, आणि ‘अशुद्ध’ ठरले ते जागेवर राहिले ते.

एके काळी स्कॉट्स ही दरबाराची भाषा होती. स्कॉटलंडच्या संसदेचे कायदे त्या भाषेत लिहिले जात. मग १६०३ मध्ये राजा लंडनला गेला, १७०७ मध्ये संसदही गेली. भाषेचं व्याकरण तेच राहिलं, उच्चार तेच राहिले. फक्त सत्तेचा पत्ता बदलला. अठराव्या शतकात एडिंबराचे सुशिक्षित लोक आपल्या बोलण्यातून टाळायच्या स्कॉटिश शब्दांच्या याद्या बनवायला लागले. डेव्हिड ह्यूमसारख्या तत्त्वज्ञानेही अशी यादी केली. देव, आत्मा, कार्यकारणभाव अशा सगळ्यांवर शंका घेणाऱ्या माणसाला लंडनच्या इंग्रजीवर मात्र शंका घ्यावीशी वाटली नाही!

आता गंमत बघा. स्कॉट्समध्ये मुलीला ‘दोख्टर’ म्हणतात. डच भाषेतही ‘दोख्टर’. गायीला स्कॉट्समध्ये ‘कू’, डचमध्येही ‘कू’. चर्चला तिकडे ‘कर्क’, इकडे ‘केर्क’. पेटीला दोन्हीकडे ‘किस्ट’. हे सगळे शब्द नेदरलँड्समध्ये शाळेत शिकवले जातात, कोर्टात चालतात, वर्तमानपत्रात छापले जातात. तेच शब्द उत्तर समुद्राच्या पलीकडे शाळेत उच्चारले, की मास्तर म्हणायचे, ‘नीट बोल’. आमचा सहकारी म्हणतो, की इथे येऊन डच शिकताना त्याला पहिल्यांदा समजलं, आपल्या आजीच्या बोलण्यात चूक कुठेच नव्हती. ते समजायला त्याला देश सोडावा लागला.

देश सोडल्यावर उलटंही होतं. ‘आउटविथ’ हा शब्द स्कॉटलंडमध्ये रोजचा आहे, अर्थ ‘बाहेर’, ‘च्या पलीकडे’. सरकारी पत्रांत, कराराच्या मसुद्यांत तो असतो. बऱ्याच स्कॉट लोकांना तो ‘आपला’ शब्द आहे हे माहीतच नसतं. परदेशी सहकारी ईमेल वाचून ‘हे काय?’ विचारतो तेव्हा कळतं. स्पेलचेकर खाली लाल रेघ मारतो. किराणा आणायला निघालेली स्कॉटिश बाई ‘मेसेजेस’ आणायला चाललेय म्हणते. आणि एक शब्दप्रयोग तर आपला सख्खा निघाला. ‘तू कुठे राहतोस?’ हे स्कॉट लोक विचारतात, ‘व्हेअर डू यू स्टे?’ आपल्याकडे हेच वाक्य म्हटल्यावर किती जणांना ‘स्टे नाही, लिव्ह म्हण’ असं सुनावलं गेलंय, आठवून बघा.

मलाही सुनावलं गेलंय. पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत ‘अ‍ॅक्सेंट न्यूट्रलायझेशन’चं दोन दिवसांचं ट्रेनिंग होतं. न्यूट्रल म्हणजे कुठला, हे ट्रेनरने सांगितलं नाही, कारण असा उच्चार नसतोच. विमानतळावरच्या घोषणेलाही कुठलं तरी गाव असतं. आपण ज्याला ‘न्यूट्रल’ म्हणतो ते फक्त ज्याच्याकडे पैसा आहे त्याचं गाव. आता तर कॉल सेंटरमधल्या माणसाचा उच्चार बोलता बोलता बदलून देणारी सॉफ्टवेअर विकत मिळतात. इंजिनिअर म्हणून ती मला भारी वाटतात. माणूस म्हणून मला एकच प्रश्न पडतो: हे फिल्टर नेहमी नागपूरकडून न्यूयॉर्ककडेच का चालतं?

माझ्या क्षेत्राचाच हिशेब काढतो. बीबीसी स्कॉटलंडवर ‘बर्निस्टन’ नावाची विनोदी मालिका होती. त्यात ग्लासगोचे दोघे आवाजावर चालणाऱ्या लिफ्टमध्ये अडकतात आणि अकरावा मजला मागून मागून घसा कोरडा करतात. लिफ्टला काही केल्या कळत नाही. सगळं जग त्यावर हसलं. विनोद चांगलाच आहे, पण जरा थांबून बघा: लिफ्ट स्कॉटलंडमध्येच बसवलेली आहे. तिथल्या लोकांचं बोलणं तिला कळत नसेल, तर नापास कोण झालं?

दुसरा किस्सा विनोदी नाही. २०२० मध्ये उघडकीस आलं, की स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावरचे हजारो लेख एका अमेरिकन किशोराने लिहिले होते आणि त्याला स्कॉट्स येत नव्हती. इंग्रजी वाक्य घ्यायचं, मधले काही शब्द ऑनलाइन शब्दकोशातून बदलायचे, झालं. पोराचा हेतू वाईट नव्हता. प्रश्न असा आहे, की इतकी वर्षं हे खपलं कसं? खपलं, कारण ‘स्कॉट्स म्हणजे वाकडं लिहिलेलं इंग्रजी’ हा समज आधीच सगळीकडे पसरलेला होता. लेख त्या समजात चपखल बसले. भाषेचे संगणकीय मॉडेल शिकवताना विकिपीडियाचा मजकूर सर्रास वापरला जातो. म्हणजे आधी लोक म्हणाले ही भाषाच नाही, मग यंत्राला तिचा नकली नमुना दिला, आणि उद्या यंत्र सांगणार, बघा, भाषाच नव्हती.

‘पण प्रमाणभाषा हवीच ना?’ हा आक्षेप येणार. हवी. मी रोज प्रोटोकॉलवर काम करतो, मला समाईक नियमांची किंमत माहीत आहे. पण इंटरनेट ज्यांनी उभं केलं त्यांपैकी एक, जॉन पोस्टेल, यांनी १९८० च्या सुमारास एक तत्त्व मांडलं होतं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. नेटवर्क टिकलं त्यात या अर्ध्या-अर्ध्या जबाबदारीचा वाटा आहे. भाषेत आपण पहिला अर्धा दुबळ्याच्या माथी मारला आणि दुसरा अर्धा गुंडाळून ठेवला. अ‍ॅबर्डीनच्या माणसाने लंडनसारखं बोलायचं, लंडनच्या माणसाने अ‍ॅबर्डीनचं ऐकायला शिकायचं नाही. याला प्रमाणभाषा म्हणत नाहीत, एकतर्फी करार म्हणतात.

आणि स्कॉट लोकांना बिचारं ठरवून मोकळं होऊ नका. १६१६ मध्ये स्कॉटलंडच्याच प्रिव्ही कौन्सिलने गावोगावी शाळा काढण्याचा आदेश काढला, त्यात गेलिक भाषा नाहीशी व्हावी हा उद्देश उघड लिहिला होता. म्हणजे सखल भागातले लोक डोंगरी भागातल्यांना तेच सांगत होते, जे पुढे लंडनने त्यांना सांगितलं. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गेलिकला जागाच नव्हती. २०११ च्या जनगणनेत गेलिक बोलणारे ५८ हजारांच्या आत उरले होते, स्कॉट्स बोलतो म्हणणारे १५ लाखांच्या वर. शिडीवर मधल्या पायरीवर उभा असलेला माणूस वरच्याची लाथ खातो आणि खालच्याला मारतो.

आता आपली पायरी बघू. इंग्रजीपुढे आपण सगळे अ‍ॅबर्डीनचे. पण मी अकोल्याहून पुण्यात इंजिनिअरिंगला आलो आणि ‘काय करून राहिला?’ म्हटलं, तेव्हा हॉस्टेलवर तीन दिवस ते वाक्य माझं टोपणनाव होतं. तिथे लंडन कोण होतं? कोकणीला साहित्य अकादमीने १९७५ मध्ये मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, तरी ‘ती तर मराठीची बोली’ असं ठासून सांगणारे काका आपल्या प्रत्येक लग्नात भेटतात. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून ज्यांनी स्टेटस ठेवले, त्यांतलेच काही ‘पानी’ म्हणणाऱ्याला ‘पाणी’ म्हणायला लावतात.

स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीला रॉबर्ट बर्न्सच्या नावाने मेजवान्या होतात. त्याच्या स्कॉट्स कविता मोठ्याने म्हटल्या जातात, मोठमोठे साहेब डोळे पुसतात. २६ तारखेला शाळेत तसं बोललेल्या पोराला पिढ्यान्‌पिढ्या दम मिळत आला. आपण बहिणाबाईंच्या बाबतीत काय करतो? त्यांची कविता पाठ्यपुस्तकात, मार्कांना. आणि त्यांच्या खानदेशातून आलेली मुलगी वर्गात तशीच बोलली तर मागच्या बाकावरून हसू. मेलेल्या कवीची बोली गोड आणि जिवंत मुलीची गावंढळ, हे ढोंग आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

जून २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा देणारा कायदा मंजूर केला. कायद्याने उद्या मीटिंगमधलं ‘सॉरी, परत सांग’ थांबणार नाही, मला माहीत आहे. पण तिथल्या मास्तरला आता ‘ही भाषाच नाही’ म्हणता येणार नाही. एवढंही थोडं नाही.

आपल्याला कायद्याची वाट बघायची गरज नाही. तुमच्या टीममध्ये गडचिरोलीचा, सिंधुदुर्गाचा, धुळ्याचा कोणीतरी आहे. तो वाक्य बोलण्याआधी अर्धा सेकंद थांबतो, मनात ते वाक्य ‘पुणेरी’ करून घेतो आणि मग बोलतो. त्या अर्ध्या सेकंदात त्याचा विनोद मरतो, कधी कधी मुद्दाही मरतो. एखादा शब्द कळला नाही तर त्याला अर्थ विचारा, आणि पुढच्या वेळी तो शब्द लक्षात ठेवा. इतकी वर्षं त्याने तुमचे शब्द लक्षात ठेवलेच आहेत.