डोळ्यावर कॅलिब्रेशनचं स्टिकर नसतं

“कशानं मोजलंस?”

बाबांनी हे विचारलं तेव्हा कसोटी सामना चालू होता आणि टीव्हीवरचे खेळाडू हिरवट कपड्यांत धावत होते. निदान बाबांना ते हिरवट दिसत होते. मी त्यांना अर्धा तास पटवत होतो की, बाबा, हेच ॲक्युरेट आहे, तुम्हाला निळसर पांढऱ्याची सवय लागली आहे. कारण हा 55 इंची टीव्ही मी स्वतः ‘कॅलिब्रेट’ केला होता. म्हणजे काय, तर त्याच मॉडेलच्या कुणा मालकाने इंटरनेटवर टाकलेले आकडे, तासभर रिमोट दाबत, व्हाइट बॅलन्सच्या वीस रकान्यांत भरले होते.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला होते. त्यांच्या जगात कॅलिब्रेशन हा गंमतीने वापरायचा शब्द नाही. तिथे प्रत्येक व्हर्निअरवर, प्रत्येक मायक्रोमीटरवर एक स्टिकर असतं: शेवटचं कधी तपासलं, पुढची तारीख कोणती. तारीख उलटली की ते साधन बाजूला. तपासणाऱ्या प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता लागते आणि तिच्या मोजमापाचा धागा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणापर्यंत पोचावा लागतो. त्यामुळे त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं, ‘डोळ्यांनी’. ते द्यायची मला लाज वाटली.

तर माझं भांडण एवढंच आहे. टीव्ही ‘सेट करणं’ आणि ‘कॅलिब्रेट करणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली प्रत्येकाने स्वतः, फुकटात आणि आजच करावी. दुसरी मीटरशिवाय कुणीही करू नये, मग तो घरातला हौशी इंजिनिअर असो की पैसे घेऊन येणारा तज्ज्ञ. आणि बहुतेक घरांना दुसरीची गरजच नाही.

आधी हे बघू की टीव्हीच्या बाबतीत ‘बरोबर’ म्हणजे काय. ही चवीची गोष्ट आहे असा समज आहे, पण तिला लेखी मानक आहे. हाय डेफिनिशनचे रंग कोणते, हे रेक. 709 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरवतं. ते 1990 सालचं आहे. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत उजेड कसा चढत जावा, हे 2011 च्या बीटी.1886 मध्ये आहे. पांढरा म्हणजे नेमका कोणता, तर डी65: साधारण 6500 केल्विन, आलेखावर 0.3127 आणि 0.3290 हा बिंदू. स्टुडिओत ज्या मॉनिटरवर सिनेमाचे रंग ठरतात तो या आकड्यांना धरून लावलेला असतो. तुमचा टीव्ही त्याच्या किती जवळ आहे हे मीटरने बघणं आणि फरक कमी करणं, याला कॅलिब्रेशन म्हणतात. बाकी सगळं बटणं दाबणं आहे.

आता डोळा या कामाला का चालत नाही? पांढरा सदरा पिवळ्या बल्बखाली बघा, मग ट्यूबलाइटखाली बघा. दोन्हीकडे तो पांढराच दिसतो. सदऱ्यावरून येणारा प्रकाश पार बदललेला असतो, पण मेंदू हिशेब जुळवून टाकतो. जगायला हा गुण फार उपयोगी आहे, पण मोजायला बसलं की तोच नडतो. म्हणून हिरवट टीव्ही मी महिनाभर बघितला आणि मला तो पांढरा वाटू लागला. बाबा टीव्हीसमोर कमी बसायचे, त्यांना तो हिरवट दिसत राहिला. डोळ्यांनी व्हाइट बॅलन्स लावणारा माणूस ज्या पट्टीने मोजतो, ती पट्टी मोजता मोजताच ताणली जात असते.

मग इंटरनेटवरचे आकडे घ्यावेत का? कुणीतरी मीटरने मोजूनच टाकले असतील ना? असतीलही, पण त्याच्या पॅनेलवर. कारखान्यातून निघणारे दोन पॅनेल एकाच मॉडेलचे असले तरी तंतोतंत सारखे नसतात. त्याचा पॅनेल जरा जास्त लालसर, म्हणून त्याने लाल दोनने कमी केला. माझा आधीच हिरवटपणाकडे झुकलेला, त्यातून मीही लाल दोनने काढला. आम्ही सॉफ्टवेअरवाले ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या वाक्याची रोज टिंगल करतो. दुसऱ्याच्या सर्व्हरची कॉन्फिग फाइल न वाचता आपल्या सर्व्हरवर टाकणाऱ्या ज्युनिअरला आपण फैलावर घेतो. घरी येऊन मी नेमकं तेच केलं आणि वर बापाला ज्ञान दिलं.

बाबांच्या प्रश्नानंतर मी व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या मित्राकडून कलरिमीटर आणला. एचसीएफआर हे मोजणीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टीव्हीवर राखाडी पट्ट्या लावून आम्ही दोघं मोजायला बसलो. मानकापासून रंग किती दूर आहे हे सांगणाऱ्या आकड्याला डेल्टा ई म्हणतात; तो साधारण तीनच्या खाली असेल तर चालत्या चित्रात चूक सहसा जाणवत नाही. माझ्या नकललेल्या आकड्यांची सरासरी सातच्या आसपास निघाली. सगळं रीसेट करून नुसता फिल्ममेकर मोड लावला, तर ती तीनच्या खाली आली. मग दोन तास खपून मी ती दीडवर आणली. नंतर सिनेमा लावून दोन्ही आलटून पालटून बघितलं. आम्हाला दोघांनाही फरक सांगता आला नाही.

मी खुशीत होतो. बाबांनी मीटर हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, “ह्याचं स्टिकर कुठाय?”

नव्हतं. आणि हा प्रश्न नुसता खवचट नव्हता. स्वस्त कलरिमीटर रंगीत फिल्टरांवर चालतात, ते फिल्टर वर्षांगणिक बदलतात, शिवाय ओएलईडी आणि एलईडी पॅनेलसाठी त्यांना वेगवेगळी दुरुस्ती लागते. ती दुरुस्ती स्पेक्ट्रोरेडिओमीटर नावाच्या कितीतरी महाग उपकरणाशी ताडून मिळते. म्हणजे माझा दीडचा आकडाही उधारीचाच होता.

व्यावसायिक कॅलिब्रेशनचा खरा अर्थ इथे कळतो. तज्ज्ञाला आपण ‘तयार नजरे’चे पैसे देत नाही. त्याची नजर तुमच्या-माझ्याइतकीच फसवी आहे. पैसे द्यायचे ते तपासलेल्या उपकरणाचे आणि ते वापरायच्या शिस्तीचे. म्हणून त्याला तीनच गोष्टी विचारा. मीटर कोणता आणि शेवटचा कधी तपासला? आधीचे आणि नंतरचे आकडे लेखी देणार का? दिवसाचा आणि रात्रीचा मोड वेगळा लावणार का? या प्रश्नांवर जो ‘वीस वर्षांचा अनुभव आहे’ असं सांगतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. कोर्सचं प्रमाणपत्र माणसाला मिळतं, मीटरला नाही. रंग दुरुस्त करून पोट भरणाऱ्यांनी, किंवा अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टर लावणाऱ्यांनी असा माणूस जरूर शोधावा. बाकीच्यांनी ते पैसे चांगल्या स्पीकरवर घालावेत.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: “टीव्ही माझा, डोळे माझे, मला भडकच आवडतं. तुमचं काय जातं?” काही जात नाही. पण ही तुमची निवड आहे का, हे एकदा तपासा. विविड मोड तुमच्यासाठी बनलेला नाही. तो शोरूमच्या झगझगाटात शेजारच्या टीव्हीवर मात करायला बनलेला आहे. अनेक टीव्हींचा मूळ पांढरा निळसर असतो तोही बराचसा याचसाठी. निळसर पांढरा जास्त उजळ भासतो. ‘तुंबाड’ आठवा. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्याने टिपलेला तो करडा, ओला, संपता न संपणारा पाऊस. विविड मोडवर त्याचं पावसाळी सहलीचं पोस्टर होतं. सिनेमातली भीती त्या करडेपणातच आहे, आणि ती दुकानाच्या सोयीसाठी कुणीतरी तुमच्याकडून काढून घेतली आहे.

उलट बाजूही मान्य करतो. 2019 मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग आला तेव्हा काहीच दिसत नाही अशी जगभर ओरड झाली. सिनेमॅटोग्राफर फेबियन वॅग्नर यांनी दोष काही अंशी प्रेक्षकांच्या टीव्ही सेटिंगवर ढकलला. हे अर्धंच खरं होतं. स्ट्रीमिंगच्या कॉम्प्रेशनने काळ्याचे चौकोन पाडले त्याला प्रेक्षक काय करणार? आणि दिवे लावून, पोळ्या लाटत मालिका बघणाऱ्या घराला अंधाऱ्या खोलीचं मानक जसंच्या तसं लावणं हासुद्धा अडाणीपणाच आहे.

म्हणून घरी करायचं काम दहा मिनिटांचं आहे. पिक्चर मोड फिल्ममेकर करा, नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही. 2019 मध्ये जाहीर झालेला फिल्ममेकर मोड याचसाठी आहे: तो डी65 चा पांढरा धरतो आणि चित्रावरची नसती प्रक्रिया बंद करतो. दुसरा मोड असेल तर मोशन स्मूदिंग हाताने बंद करा. 24 फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो तो त्याच्यामुळे. 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझने व्हिडिओ करून हीच विनंती केली होती. शार्पनेस शून्यावर, किंवा कंपनीने जिथे तटस्थ ठेवला असेल तिथे आणा. कलर टेंपरेचर वॉर्म करा आणि आठवडाभर ‘पिवळं दिसतंय’ म्हणू नका, डोळा सरावतो. दिवसा चित्र मंद वाटलं तर फक्त बॅकलाइट वाढवा. आणि व्हाइट बॅलन्सच्या त्या वीस रकान्यांना हात लावू नका. खिशातल्या फोनचे आकडे आपण कधी असे बदलत नाही. टीव्हीवर मेन्यू उघडा मिळाला म्हणून अक्कलही मिळाली असं होत नाही.

आमच्या टीव्हीवर आता फिल्ममेकर मोड आहे. माझी दीडची सेटिंग मी पुसून टाकली. टीव्हीच्या मागे बाबांनी एक कागदी चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात तारीख आहे, मोडचं नाव आहे आणि खाली लिहिलंय: “सेट केला. कॅलिब्रेट केलेला नाही.”

तुमच्या टीव्हीमागेही हे खरं वाक्य लिहायला हरकत नाही.