अगरबत्तीचा धूर आणि चिपचा कारखाना

पालकांचा प्रश्न हल्ली ठरलेला असतो : "सर, पोराला चिप बनवायच्या लाइनीत जायचं आहे, कोणता क्लास लावू?" माझं मत ऐका. क्लास राहू द्या, आधी त्याला अगरबत्तीचा धूर नीट पाहू द्या.

चिप म्हटलं की आपल्याला कॉम्प्युटर आठवतो. पण तिच्यावरचे कितीतरी थर वायूतून बसवलेले असतात. बंद नळीत सिलिकॉनची चकती सुमारे 600 अंश सेल्सिअसला तापवतात आणि सिलेन वायू सोडतात. गरम चकतीवर तो फुटतो, सिलिकॉन चिकटतं, हायड्रोजन निघून जातो. याला रासायनिक बाष्प निक्षेपण म्हणतात. पुणे विद्यापीठात, पवईच्या आयआयटीत यावर संशोधन झालेलं आहे.

अवघड काय, तर थर सगळीकडे सारखा बसवणं. आपल्या संत्र्याच्या बागेत ठिबकची नळी फार लांबली की शेवटच्या झाडाला पाणी कमी पडतं, हो ना? इथंही मागच्या चकतीला कमी मिळतं. ठिबकमध्ये दाब घटतो, इथं वाटेतच माल संपत जातो. त्यावरचा उपाय मला फार आवडतो : चकतीची बैठक थोडी तिरपी करतात. वायूची वाट पुढे अरुंद होते, वेग वाढतो, चकतीला बिलगलेला संथ थर पातळ होतो आणि उरलेला माल तिच्यापर्यंत लवकर पोचतो.

दुसरी भानगड उष्णतेची. गरम वायू वर उसळतो, गोल फिरतो आणि जुना वायू तिथंच घुमत राहतो. म्हणून नळीचं तोंड हळूहळू रुंद करतात, दाब उतरवतात. दाब दहावा हिस्सा केला की या उसळीचं माप शंभराव्या हिश्श्यावर येतं.

रेनॉल्ड्सने 1883 मध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून प्रवाह कधी सरळ राहतो, कधी विस्कटतो हे डोळ्यांनी पाहिलं. आपण मात्र 'व्याख्या लिहा, 2 गुण' एवढ्यावर धडा आटोपतो. "धूर वाकडा काहून होते, सर?" असं पोट्ट्यानं विचारलं तर "परीक्षेत नाही येत ते" म्हणून बसवतो. शिक्षकमित्रहो, हे बरोबर नाही. प्रयोगशाळा नाही ही सबब इथं चालत नाही; अगरबत्ती परतवाड्यात कोणत्याही किराणा दुकानात मिळते.

खिडक्या लावा, पंखा बंद करा. धूर किती बोटं सरळ जातो ते मोजायला सांगा. मग शेजारी गरम इस्त्री ठेवा, ती स्वतः हाताळा, आणि मुलांना दोन्ही वेळच्या धुराचं चित्र काढू द्या. व्याख्या दुसऱ्या दिवशी.