गाडी नकोशी झाली, म्हणजे नेमकं काय झालं?

घरातल्या साठी-सत्तरीच्या माणसानं आपणहून गाडी सोडली की घरच्यांना हायसं वाटतं. "बरं झालं, आम्ही सांगून ऐकत नव्हते, आता स्वतःच नको म्हणतात," हे वाक्य दवाखान्यात मला कौतुकाच्या सुरात ऐकवलं जातं. माझं मत जरा वेगळं आहे. चाळीस वर्षं रोज गाडी चालवलेल्या माणसाला ती नकोशी वाटू लागली, तर ती एक तक्रार समजावी. भूक लागत नाही, झोप येत नाही, तशीच. आधी तिचं कारण शोधावं आणि मग ते बरं झालं की वाईट, हे ठरवावं.

गाडी म्हणजे इथे दुचाकी. आज सत्तरीत असलेल्यांना वेगळं सांगायला नको. बजाजची चेतक आली १९७२ साली, कायनेटिकची लूनाही साधारण तेव्हाच. नंबर लावून स्कूटरसाठी वर्षानुवर्षं थांबलेली ही पिढी. पुढे एक मूल उभं, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरं, असा सगळा संसार दोन चाकांवर झालेला. कुणाची राजदूत होती, कुणाची येझदी, कुणी कर्ज काढून बुलेट घेतली. यांच्यासाठी गाडी म्हणजे हौस कमी आणि पाय जास्त. मंडई, बँक, भजनी मंडळ, मित्रांचा कट्टा, नातवाची शाळा हे सगळं गाडीवर अवलंबून होतं. गाडी थांबली की यातलं निम्मं आपोआप थांबतं. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

"हल्ली गाडी चालवावीशी वाटत नाही," असं कुणी म्हणालं की मी विचारतो, "गाडी नको वाटते, की गाडीवरचं काहीतरी नको वाटतं?" बहुतेक वेळा उत्तर दुसरं निघतं. माणूस म्हणतो कंटाळा आला, पण खरं कारण शरीरात असतं आणि ते सांगायला त्याला कमीपणा वाटतो. कधी ते त्याचं त्यालाही कळलेलं नसतं.

डोळ्यांपासून सुरुवात करू. मोतीबिंदू पिकायच्या बराच आधी रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फुटल्यासारखे दिसतात, प्रकाशाभोवती कडं दिसतं. दिवसा पेपर वाचता येतो, त्यामुळे डोळे चांगले आहेत असं वाटत राहतं. माणूस आधी संध्याकाळनंतर बाहेर पडणं टाळतो, मग पावसात टाळतो, मग म्हणतो, "आता गाडीत मन रमत नाही." मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर यातल्या कित्येकांचं मन पुन्हा रमू लागतं. जवळचं-लांबचं एकाच काचेत असलेल्या चष्म्याचाही त्रास होतो. खड्डा बघायला नजर खाली नेली की काचेचा वाचायचा भाग समोर येतो आणि रस्ता धूसर होतो. फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घेतला, तर हा त्रास संपतो.

दुसरी जागा मान. उजवीकडे वळताना मागे पाहायला मान पुरेशी फिरत नाही, वर हेल्मेटचं ओझं. घरी आलं की खांदे दुखतात. श्रवणयंत्र असेल तर हेल्मेट घातल्यावर ते शिट्टी मारतं, म्हणून यंत्र काढून ठेवलं जातं आणि मग मागचा हॉर्न ऐकू येत नाही. एकदा कुणी मागून अंगावर ओरडलं की पुढच्या वेळी किल्ली हातात घ्यायला जीव धजावत नाही. कानाच्या डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा, बऱ्याचदा यंत्र नीट बसवून घेता येतं.

तिसरी गोष्ट वजनाची. बुलेट पावणेदोनशे किलोच्या पुढची, अ‍ॅक्टिव्हासारखी स्कूटरही शंभर किलोच्या वर. गाडी चालवायला ताकद लागत नाही, पण ती थांबवायला, मागे ओढायला, डबल स्टँडवर चढवायला लागते. वयानुसार स्नायू झिजतात, आणि साठीनंतर हे वेगानं होतं. हात न टेकता खुर्चीवरून ५ वेळा उठून बसून पाहा. १५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर पायातली ताकद कमी झाली आहे असं समजा. हे वयाचं आहे म्हणून सोडून देऊ नका. फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घेतला आणि जेवणात डाळ, उसळ, दूध, चालत असेल तर अंडी वाढवली, तर सत्तरीतही स्नायू सुधारतात. हे मी रोज बघतो. फक्त मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आहार विचारून बदलावा.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही, ते कारण. लघवी. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाला घाईची लागते, आणि वाटेत कुठे थांबायचं हा प्रश्न असतो. बायकांचं तर विचारूच नका. खड्ड्यातून गाडी उडाली की थेंब-दोन थेंब गळतात, म्हणून वीस वर्षं स्कूटीवर शाळेत गेलेली शिक्षिका निवृत्तीनंतर म्हणते, "आता रिक्षाच बरी." घरचे समजतात, वयानुसार भिऊ लागली. ती बिचारी बाहेर पडण्याआधी पाणी पिणंच बंद करते, आणि पुढे लघवीचा संसर्ग घेऊन माझ्याकडे येते. या दोन्हींवर चांगले उपचार आहेत. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, औषधं आहेत, गरज पडली तर छोट्या शस्त्रक्रिया आहेत. तपासणीला आल्यावर हे आपणहून सांगा. मी विचारतोच, पण सगळे डॉक्टर विचारतील असं नाही.

चक्कर हे चौथं कारण, आणि त्यामागे अनेकदा आम्हीच लिहिलेल्या गोळ्या असतात. प्रोस्टेटची टॅमसुलोसिनसारखी गोळी, रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या एकत्र, झोपेसाठी वर्षानुवर्षं चालू असलेली अल्प्राझोलाम, सर्दीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेली गोळी. मधुमेहात ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल आणि जेवायला उशीर झाला, तर साखर उतरते, हाताला घाम आणि कंप सुटतो. असं रस्त्यात एकदा झालं तरी मन गाडीला नाही म्हणू लागतं. इथे मन बरोबरच सांगत असतं. गोळ्यांचा डोस किंवा वेळ बदलून घ्या. आपल्या मनानं गोळी बंद मात्र करू नका.

आणि पडण्याची भीती. एकदा वाळूवरून गाडी घसरली, खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, पण नंतर सहा महिने गाडीला हात नाही. "भित्रा झालास," असं म्हणून हे जात नाही. ते का घडलं, हे नीट पाहिलं तरच जातं. वाळू होती म्हणून पडलात, की पाय वेळेवर टेकला नाही म्हणून? पहिलं असेल तर मोकळ्या मैदानात आठ-दहा दिवस सराव करा, विश्वास परत येतो. दुसरं असेल तर आधी तपासणी.

इथपर्यंत गाडीवरचं काहीतरी नको होतं. आता ज्याच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते त्याच्याविषयी. त्याला गाडीच नको आहे. गाडीसोबत कट्टाही नको, पेपर उघडायचा कंटाळा, क्रिकेट लावलं तरी लक्ष नाही, आवडीची भाजी केली तरी "ठीक आहे". म्हातारपणातलं नैराश्य बऱ्याचदा असंच येतं. माणूस रडत नाही, दुःख बोलून दाखवत नाही. अंग जड आहे, गॅस होतात, झोप पहाटेच उडते, एवढंच सांगतो. घरचे म्हणतात, "शांत झालेत आता." अशा शांततेवर विश्वास ठेवू नका. दोन प्रश्न विचारा: गेल्या २ आठवड्यांत बहुतेक दिवस कशातच रस वाटत नाही असं होतंय का? बहुतेक दिवस मन उदास किंवा निराश असतं का? एकाचंही उत्तर हो असेल, तर डॉक्टरांना भेटा. जगणंच नको असं कुणी एकदा जरी बोललं, तर त्याच दिवशी भेटा. नैराश्यावर सत्तरीतही उपचार लागू पडतात.

जोडीदार गेल्यावर गाडी सुटते, ते जरा वेगळं. तीस-पस्तीस वर्षं मागच्या सीटवर बसणारं माणूस नाहीसं झालं की गाडीकडे बघवत नाही. हा शोक आहे, आजार नाही. त्याला वेळ द्या, "चला बाबा, एक चक्कर मारून या," असा आग्रह धरू नका. पण महिने उलटले आणि जेवण, झोप, माणसांत मिसळणं काहीच सावरत नसेल, तर मात्र थांबू नका.

उत्साह जाण्यामागे साधी कारणंही असतात आणि ती रक्ताच्या तपासणीत सापडतात. थायरॉइड कमी पडणं, हिमोग्लोबिन कमी, बी-१२ कमी. शाकाहारी माणूस, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारा, त्याचं बी-१२ तपासायलाच हवं. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असेल तर सोडियमही बघावं. ते उतरलं की माणूस मंदावतो. घोरणं जास्त आणि दिवसभर पेंग, असं असेल तर झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. यावर उपचार होईपर्यंत गाडी बंदच. (मर्दानी ताकदीच्या जाहिराती बघून कुठली कॅप्सूल चालू केली असेल, तर ती आधी मला दाखवा. लाजू नका.)

मेंदूचे दोन आजारही सुरुवातीला कंटाळ्याचं सोंग घेतात. पार्किन्सनमध्ये हात थरथरायच्या आधीच अक्षर बारीक होतं, वास कमी येतो, चालताना एक हात हलत नाही, आणि कशाची इच्छाच होत नाही. स्मृतिभ्रंशात माणूस नेहमीच्या रस्त्यावर एकदा वाट चुकतो, घरी कुणाला सांगत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून गाडीचा कंटाळा आल्याचं सांगतो. त्यानं गाडी सोडली हे चांगलंच केलं, पण आजार तसाच राहिला. गाडीवर नवा ओरखडा दिसला, पेट्रोल भरल्याचं आठवलं नाही, पैशांच्या हिशोबात गोंधळ झाला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आणि कधीकधी खरंच काही झालेलं नसतं. तब्येत उत्तम, मन प्रसन्न, पण वाहतूक, धूर, हॉर्न नको झालेत, आता निवांत चालत जावंसं वाटतं. असा माणूस बाकी सगळ्यात रस घेतो, हसतो, भांडतो, प्रवासाचे बेत करतो. त्याला खुशाल गाडी सोडू द्या. "तुमच्या वयाचे लोक लडाखला जातात," असं म्हणून टोचू नका. ज्याला जायचं तो जाईल.

गाडी सोडायची वेळ झाली तरी सोडवत नाही, असेही असतात. शुद्ध हरपली असेल, फिट आली असेल, स्मृतिभ्रंश ठरला असेल, तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं असतं. ते मी घरच्यांमार्फत सांगत नाही, त्या माणसाच्या समोर बसून त्यालाच सांगतो. किल्ली लपवणं, प्लग काढून ठेवणं हे प्रकार मला पसंत नाहीत. ज्यानं तुम्हाला पेट्रोलच्या टाकीवर बसवून फिरवलं, त्याच्याशी एवढं खरं बोलायला हरकत नाही.

परवान्याचं थोडक्यात. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर पंचावन्नच्या पुढे परवाना ५ वर्षांसाठीच मिळतो, आणि चाळिशीनंतर नमुना १-अ मधलं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. त्यात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, ऐकू कितपत येतं, रातांधळेपणा आहे का, हे डॉक्टरांनी तपासून लिहायचं असतं. प्रत्यक्षात माणूस न बघता सही होते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. माझ्याकडे अशी सही मागू नका. उलट ती नंबरप्लेटची चाचणी घरासमोरच दर वर्षी करा. साधारण पंचवीस-तीस लांब पावलं मोजली की झालं.

गाडी सुटलीच, तर त्याच आठवड्यात दुसरी सोय लावा. नाहीतर माणूस घरात बसतो आणि बसूनच आजारी पडतो. मंडईला कुणासोबत जायचं, कट्ट्यावर कोण सोडणार, रिक्षासाठी महिन्याला किती पैसे वेगळे काढायचे, हे बसून ठरवा. गाडी विकली की विमा, पेट्रोल आणि सर्व्हिसिंगचा खर्च वाचतो, तो रिक्षाला लावा. गावाकडे जायला एसटी आहेच. पंच्याहत्तरीपुढच्यांना राज्यात ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि ६५ ते ७५ वयात अर्धं तिकीट. गाडी मात्र लगेच विकू नका. कारण सापडून त्यावर उपचार होईपर्यंत दोन-तीन महिने तिला झाकून ठेवा, आणि दर आठवड्याला कुणीतरी सुरू करून ठेवा.

या तक्रारीसाठी तपासणीला येताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणा, दुसऱ्या डॉक्टरांची, आयुर्वेदिक आणि दुकानातून आणलेलीसुद्धा. चष्मा आणि श्रवणयंत्र आणा. हेल्मेटही आणा. ते घालून तुमची मान दोन्ही बाजूंना किती वळते, हे मला बघायचं असतं.